ऊन पाण्याची वाट

जानेवारीची पहाट. डोणगावच्या शिवारात हरभऱ्याला पाणी सुरू आहे, कारण या आठवड्यात शेतीची लाईट रात्रपाळीची आहे. कानाला मफलर, अंगावर घोंगडी, तरी नळी उचलताना बोटं वळत नाहीत. अशा वेळी जाणता माणूस बोअरच्या धारेखाली दोन्ही हात धरतो. पाणी कोमट लागतं. टॉर्चच्या उजेडात धारेवरून वाफ उठताना दिसते. हेच पाणी मे महिन्यातल्या दुपारी ओंजळीत घेतलं तर गार लागतं, पिऊन जीव निवतो. बोअर तेच, पाणी तेच. ऋतू मात्र वरच्यावर बदलत राहतात, आणि जमिनीखाली दहा-पंधरा मीटरच्या पुढे त्यांचा पोच लागत नाही. तिथे बारा महिने वर्षाच्या सरासरीइतकी ऊब असते. आपल्या मेहकर-लोणार भागात ती साधारण २६-२७ अंश सेल्सिअस भरेल.

त्याच्याही खाली गेलं की ऊब वाढू लागते. पृथ्वीच्या कवचात एक किलोमीटर उतरलं की तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी चढतं. पाचशे फूट खोल बोअर म्हणजे दीडशे मीटर, म्हणजे चार-साडेचार अंशांची वाढ. हाताला ती पुरती कळतही नाही. पण हाच हिशेब दीड किलोमीटरपर्यंत नेला तर खडक सत्तर अंशांच्या घरात जातो, आणि अडीच किलोमीटरवर पाणी उकळेल इतका. ही उष्णता काही अंशी पृथ्वी जन्मली तेव्हाची शिल्लक आहे आणि काही अंशी खडकांतल्या युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम या मूलद्रव्यांच्या अतिसंथ किरणोत्सारातून आजही तयार होते आहे. डोणगावच्या बसस्टँडखाली ती आहे, मेहकरच्या बालाजी मंदिराखाली आहे, तुमच्या घरच्या चुलीखालीही आहे.

मग डोणगावात गरम पाण्याचा झरा का नाही?

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण गरम झऱ्याबद्दल आपण नेहमी उलटा प्रश्न विचारतो: तिथे पाणी गरम का? आणि उत्तरही तयार असतं: खाली ज्वालामुखी असणार. महाराष्ट्राच्या बाबतीत हे उत्तर चुकतं. आपला काळा पाषाण ज्वालामुखीचाच आहे, यात शंका नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि दख्खनचं पठार झालं. पण तो लाव्हा केव्हाच निवाला. सहा कोटी वर्षं ऊब धरून ठेवणारी चूल जगात नाही. आपल्या झऱ्यांना पुरते ती पृथ्वीची रोजची, सगळीकडे सारखी मिळणारी उष्णता. दुर्मिळ आहे ती वाट. पावसाचं पाणी किलोमीटर-दीड किलोमीटर खाली उतरू शकेल अशी एक वाट हवी, आणि तापलेलं पाणी निवायच्या आत वर येईल अशी दुसरी. घरून शेतात नेलेल्या चहाचं जे होतं तेच इथे होतं. किटली उचलून झपाझप गेलात तर बांधावर गरम चहा मिळतो. वाटेत चौघांशी बोलत बसलात तर मिळतो तो गार. जमिनीखालचं पाणी सहसा रमतगमत चालतं, आणि खडकाला आपली सगळी ऊब परत देऊन टाकतं.

बुलढाणा जिल्ह्यात तर ते खाली जातच नाही. विहीर खणणाऱ्यांना हे पुस्तकाविना ठाऊक असतं. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, आणि त्याखाली पुन्हा मांजऱ्या. लाव्ह्याचे थर चळतीसारखे आडवे रचलेले आहेत. पाणी सच्छिद्र मांजऱ्यातून आडवं सरकतं आणि घट्ट पाषाण लागला की अडतं. लोणारचं विवर पाहिलंत तर हे उघड्यावर दिसतं. उल्का आदळून हे थर चाकूने कापल्यासारखे उघडे पडले, आणि त्यांच्यामधलं पाणी विवराच्या कडेवर बाहेर आलं. गोमुखातून अखंड वाहणारी लोणारची धार ती हीच. तिच्याखाली उभं राहून ‘हे पाणी गरम का नाही?’ असं विचारणारे प्रवासी असतात. ते खोल गेलेलंच नाही, म्हणून गार आहे.

ज्वालामुखीचे थर किती जाड आहेत, हेही आता मोजून माहीत झालं आहे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला भोक पाडून पाहिलं, तेव्हा ३३८ मीटरवर काळा पाषाण संपला. कोयनेच्या भागात भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हा पाषाण संपायला सव्वा किलोमीटरच्या जवळपास उतरावं लागलं. त्याखाली सापडला ग्रॅनाइटसारखा अतिप्राचीन खडक. म्हणजे आपलं पठार एखाद्या जुन्या घरावर घातलेल्या जाड छपरासारखं आहे. गरम पाणी हवं तर त्या छपराला आरपार भेग हवी, किंवा छप्पर जिथे संपतं तिथे जायला हवं.

अशा जागा आपल्या पूर्वजांनी शोधल्या आणि त्यांची नावं ठेवली. संस्कृतातल्या ‘उष्ण’चं प्राकृतात ‘उण्ह’ झालं आणि मराठीत ‘ऊन’. आज ऊन म्हटलं की सूर्याचं ऊन डोळ्यांपुढे येतं, पण घराघरांत अजून ऊन पाणी आहे, ऊन-ऊन भात आहे, आणि उष्णकाळाचा उन्हाळाही त्याच कुळातला. आता नकाशा उघडा. राजापूरजवळ उन्हाळे. दापोली तालुक्यात उन्हवरे. पालीजवळ उन्हेरे. चोपड्याच्या सातपुड्यात उनपदेव. किनवट तालुक्यात पैनगंगेकाठी उनकेश्वर. कुणी ठरवून नेमलेल्या समितीविना, पाचशे-सहाशे किलोमीटरच्या टापूत, एकाच शब्दाने या गावांवर खूण करून ठेवली आहे. थर्मामीटर शोधला जाण्याच्या कितीतरी आधीची ही तापमानाची नोंद आहे. मराठीतल्या गावांच्या नावांत किती शास्त्र दडलंय, याचा नीट शोध अजून कुणी घ्यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

या खुणा जोडल्या तर त्या अस्ताव्यस्त विखुरलेल्या नाहीत, हे लक्षात येतं. सगळ्यात मोठी रांग कोकणात आहे. पालघरमधल्या कोकनेरपासून वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हेरे, महाडजवळचं सव, उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी असं करत ती राजापूरपर्यंत उतरते, सह्याद्रीच्या पायथ्याला समांतर. पश्चिम किनाऱ्यापलीकडचा भूभाग भारताच्या भूखंडापासून तुटताना पडलेल्या भेगांची ती रांग आहे. उन्हवऱ्याचं पाणी सत्तर अंशांच्या आसपास, म्हणजे हात घालता येणार नाही इतकं कढत. दुसरी रांग सातपुड्याला धरून आहे. नर्मदा आणि तापी एका जुन्या, खोल तुटीच्या पट्ट्यातून वाहतात, आणि त्याच पट्ट्यावर उनपदेव, अमरावतीच्या मोर्शी तालुक्यातलं सालबर्डी आणि पुढे मध्यप्रदेशातलं अनहोनी आहे. सालबर्डी महानुभावांना परिचित आहे, कारण चक्रधरस्वामींच्या तपश्चर्येशी ते ठिकाण जोडलेलं आहे. डोणगावकराला मात्र सगळ्यात जवळची वाट वेगळीच आहे. ती नदीची वाट आहे.

पैनगंगा बुलढाण्याच्या डोंगरात उगम पावते, मेहकरवरून येते आणि डोणगावच्या दक्षिणेकडून रिसोडच्या दिशेने निघून जाते. इथे ती उन्हाळ्यात कोरडी पडणारी, वाळूची नदी आहे. पण पुढे इसापूर धरण, मग सहस्रकुंडाचा धबधबा, मग माहूरच्या गडाला वळसा, असं करत ती विदर्भ आणि मराठवाड्याची सीमा बनते. किनवटच्या पुढे, तेलंगणाच्या हद्दीजवळ, तिच्या काठी उनकेश्वर आहे. तिथवर जाताना नदीखालचा खडक बदलत जातो. लाव्ह्याचं छप्पर विरळ होऊ लागतं आणि त्याखालचे जुने थर डोकं वर काढतात. त्यांत एक चुनखडी आहे, सजीवांच्या इतिहासातही फार मागची. भूशास्त्रज्ञ तिला आपल्याच नदीचं नाव देतात, पैनगंगा चुनखडी. याच भागातून कद्दम नावाचा मोठा भ्रंश जातो. भ्रंश म्हणजे खडकाचे दोन तुकडे एकमेकांवरून सरकले त्या ठिकाणची भेग. छप्पर पातळ आणि खाली भेग, या दोन्ही गोष्टी उनकेश्वरात एकत्र आल्या.

उनकेश्वरला महादेवाचं जुनं देऊळ आहे, यादवकालीन शिलालेख आहे आणि गरम पाण्याची कुंडं आहेत. सभोवती सागाचं जंगल. पहाटे गेलात, तर कुंडावर तरंगणारी वाफ आणि गंधकाचा हलका वास आधी भेटतो. पाणी अंगाला सोसवेल इतपत ऊन. तळातून बुडबुडे येत राहतात. कथा अशी सांगतात: वनवासात राम इथे शरभंग ऋषींच्या आश्रमात आला. ऋषींना कुष्ठरोग झालेला होता. रामाने जमिनीत बाण मारला, गरम पाणी उसळलं, आणि त्या पाण्याने ऋषी बरे झाले. गंमत अशी, की शेकडो किलोमीटर दूरच्या उनपदेवलाही हीच कथा, हेच ऋषी. वाल्मीकींच्या अरण्यकांडात शरभंग आहेत, पण तिथे गरम पाणी नाही की बाणही नाही. रामाला भेटून ऋषी अग्नीत प्रवेश करतात आणि ब्रह्मलोकी जातात. अग्नीत गेलेल्या ऋषीच्या आश्रमाची जागा लोकांनी तापलेल्या पाण्याजवळ शोधली असेल का? मला तसं वाटतं. आणि बाणाची कल्पना तर मला विलक्षण नेमकी वाटते. जमीन तापलेलीच होती, पाणीही होतं. कमी होती ती भेगेची. कथेने नेमकी तीच बाणाने पाडून घेतली.

पण या झऱ्यांचं पाणी आकाशातलंच आहे, हे कसं कळतं? पाण्याच्या रेणूत हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे काही अणू किंचित जड असतात. पावसाच्या पाण्यात या जड अणूंचं एक ठरावीक नातं असतं, आणि पाणी खडकातून फिरून आलं तरी ते बहुतेक टिकून राहतं. भारतातल्या बहुतेक गरम झऱ्यांत ते नातं पावसाशी जुळतं. वय काढण्यासाठी ट्रिटियम पाहतात. १९५० आणि १९६० च्या दशकांत अणुबाँबच्या चाचण्यांनी जगभरच्या पावसात ट्रिटियम मिसळलं. ज्या झऱ्यात ते जवळजवळ नाही, ते पाणी त्याआधीच जमिनीत उतरलेलं, म्हणजे आजोबा-पणजोबांच्या काळातला पाऊस किंवा त्याहूनही जुना. आणि ते किती खोल गेलं होतं, हे वाळूतली सिलिका सांगते. पाणी जितकं तापलेलं, तितकी सिलिका त्यात जास्त विरघळते. वर येताना पाणी निवलं तरी ती लगेच खाली बसत नाही. तेव्हा बाटलीभर पाण्यातली सिलिका मोजली, की खाली ते किती अंशांवर तापलं होतं याचा अंदाज येतो. साखरेचा पाक गार झाल्यावरही चाखून किती दाट केला होता ते सांगावं, तसं.

आता कुष्ठरोगाबद्दल, कारण या कथेमुळे पिढ्यान्‌पिढ्या रुग्ण गरम कुंडांकडे आले आणि अजूनही त्वचेच्या दुखण्यांसाठी लोक येतात. गरम पाण्याने सांधे सैल होतात, आखडलेले स्नायू सुटतात, खाज काही काळ शमते. हे सगळं खरं आहे आणि त्यात कमीपणा नाही. पण कुष्ठरोग जंतूंनी होतो, आणि १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचाराने तो पूर्ण बरा होतो. ही औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. शिवाय एक धोका कथेत येत नाही: कुष्ठरोगात चेताशिरा बधिर होतात, जुन्या मधुमेहातही पायांना जाणीव राहत नाही. अशा माणसाला पाणी किती कढत आहे ते कळतच नाही, आणि पाय भाजलेला नंतर दिसतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कुंडावर घेऊन जाल, तेव्हा पाणी आधी तुमच्या हाताने पाहा, त्यांच्या पायाने नको.

आणखी एक काळजी घ्यावी. कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात एक सूक्ष्म अमिबा राहू शकतो. तो पिण्यातून काही करत नाही, पण पाणी नाकात गेलं तर तिथून मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. आजार फार विरळा, पण झाला तर बहुधा जीवघेणा. केरळात असे रुग्ण आढळल्यावर तो आपल्याकडच्या बातम्यांत आला. म्हणून कुंडात डुबकी मारू नये, मुलांना उड्या मारू देऊ नयेत. खांद्यापर्यंत बसावं, तांब्याने अंगावर घ्यावं. साबण आणि शाम्पू तर मुळीच नको.

साबणाचं कारण वेगळं आहे. कुंडाच्या कडेला हिरवा, पिवळा, तांबूस बुळबुळीत थर असतो. आपण त्याला शेवाळ म्हणतो आणि घाण समजतो. त्यात उष्णतेत राहणारे जीवाणू असतात. १९६० च्या दशकात अमेरिकेत यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत थॉमस ब्रॉक यांना असाच एक जीवाणू सापडला. त्याचं एक विकर उकळीच्या जवळपासच्या तापमानातही काम करतं. पुढे कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये डीएनएच्या प्रती काढण्याची पद्धत शोधली, आणि ती सर्वत्र पोहोचली ती त्या विकरामुळे. २०२० मध्ये करोनासाठी घशात काडी घालून आपली जी तपासणी झाली, ती याच पद्धतीवर उभी होती. उनकेश्वरच्या कुंडांतल्या जीवाणूंवरही आपल्या संशोधकांनी काम केलं आहे. तेव्हा तो थर घासून काढू नये, इतकंच.

उनकेश्वरच्या आसपास रान आहे, देऊळ आहे, गाव आहे. पण गरम झरा म्हणजे काय हे उघडंनागडं पाहायचं असेल, तर माती, झाड, देऊळ यांपैकी काहीच मध्ये येत नाही अशा ठिकाणी जायला हवं. भारतात ते ठिकाण लडाखमध्ये आहे: पुगा.

लेहमध्ये वर्षाकाठी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. डोणगावात तेवढा आषाढातल्या एका जोरदार दिवसात पडून जातो. म्हणजे लडाख हे वाळवंटच, पण थंड. लेहहून सिंधू नदीच्या काठाने वर जायचं, चुमाथांगला रस्त्यालगत, नदीच्या अगदी काठावर वाफा दिसतात, माहेचा पूल ओलांडायचा आणि एका बाजूच्या खोऱ्यात वळायचं. पुगा सुमारे ४,४०० मीटर उंचीवर आहे. लेहला किमान दोन दिवस मुक्काम करून, अंगाला विरळ हवेची सवय लावल्याशिवाय इथे येऊ नये; डोकं दुखू लागलं, ओकारी आली, तर हट्ट न करता खाली उतरावं. चालताना दहा पावलांवर थांबावं लागतं, कारण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सहा दशांशाच्या आसपास असतो.

खोरं पांढरं दिसतं. जवळ गेल्यावर कळतं की तो बर्फ नसून क्षार आहे. मध्ये पिवळे पट्टे, ते गंधकाचे. जमिनीतून ठिकठिकाणी फुसफुस आवाज येतो. चिखलाची डबकी रटरटत असतात. काही झरे ८४ अंशांपर्यंत तापलेले आहेत, आणि तुम्हाला वाटेल की शंभराला अजून बराच अवकाश आहे. पण एवढ्या उंचीवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणजे ते उकळतंच आहे. अशा ठिकाणी मळलेली पायवाट सोडायची नाही. वरचा पापुद्रा पातळ असतो, पाय आत जातो, आणि आत उकळतं पाणी.

इथली गोष्ट कोकणापेक्षा वेगळी आहे. भारताचा भूखंड जिथे आशियाला जाऊन भिडला, त्या सांध्यावर पुगा आहे. तिथे कवच चिरडलं गेलंय, आणि उष्णता वर येण्याचा वेगही कितीतरी पट जास्त आहे. १९७० च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तिथे तीसहून अधिक विंधनविहिरी खोदल्या. सगळ्यात खोल विहीरही चारशे मीटरच्या आतली, आणि तापमान मिळालं १४० अंशांपर्यंत. आपल्या मेहकर भागात तेवढं मिळवायला चार किलोमीटर उतरावं लागेल. २०२१ च्या फेब्रुवारीत ओएनजीसीने लडाख प्रशासनाबरोबर करार करून तिथे वीज काढण्याच्या कामाला हात घातला. जिथे हिवाळ्यात डिझेल ट्रकने आणून दिवे लावावे लागतात, तिथे पायाखालच्या वाफेवर दिवे लागावेत, ही इच्छा मला अगदी न्याय्य वाटते. मात्र त्या खोऱ्यात चांगपा मेंढपाळ पश्मिना शेळ्या चारतात, दलदलीवर पक्षी येतात, आणि मेंढपाळांच्या मुलांसाठी निवासी शाळा आहे. विहिरीतून वर आलेलं क्षारयुक्त पाणी पुन्हा जमिनीतच सोडलं गेलं पाहिजे, कुरणावर नव्हे. कामाचं मोजमाप तिथे करावं.

पुगाचं आपल्याकडे एक जुनं नातं आहे, आणि ते सोनाराच्या दुकानात आहे. डाग देताना, म्हणजे सोन्याचे दोन तुकडे सांधताना, सोनार टाकणखार वापरतो. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. पूर्वी तो हिमालयापलीकडून, तिबेट आणि लडाखच्या खोऱ्यांतून, मेंढ्यांच्या पाठीवरच्या छोट्या पिशव्यांतून खिंडी ओलांडून हिंदुस्थानच्या बाजारात उतरायचा. पुगाच्या झऱ्यांभोवतीची ती पांढरी साय म्हणजे मुख्यतः हाच क्षार, आणि अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या १८५४ च्या लडाखवरील ग्रंथातही पुगाचा बोरॅक्स आणि गंधक येतो. कुण्या आजीच्या पुतळीच्या सांध्यात एखाद्या गरम झऱ्याचा कण मिसळला असेलही.

पुगापेक्षा दुर्गम वाळवंट शोधायचं, तर पृथ्वी सोडावी लागते. मंगळावर फिरणाऱ्या स्पिरिट या यंत्राचं पुढचं एक चाक २००६ मध्ये बंद पडलं. शास्त्रज्ञांनी ते यंत्र उलटं चालवायला सुरुवात केली, आणि अडकलेलं चाक नांगराच्या फाळासारखं मातीत ओढलं जाऊ लागलं. २००७ मध्ये त्या तासाच्या तळाशी पांढरीशुभ्र माती दिसली. ती जवळजवळ शुद्ध सिलिका होती. चिलीच्या अटाकामा वाळवंटात, पुगाएवढ्याच उंचीवर, एल तातिओ नावाचे उष्ण झरे आहेत. तिथे झऱ्यांच्या पाण्यातून खाली बसलेल्या सिलिकेचे बोटांसारखे फुगवटे आणि स्पिरिटला मंगळावर दिसलेले सिलिकेचे फुगवटे एकमेकांशी फार जुळतात, असं २०१६ मध्ये दोन संशोधकांनी मांडलं. म्हणजे मंगळावर एके काळी गरम पाणी वर येत असावं. आणि पृथ्वीवर जिथे जिथे गरम पाणी वर येतं, तिथे जीवाणू राहतात. मंगळावर ते होते का, हे ठरायचं आहे.

मंगळाचं कवच मुख्यतः काळ्या पाषाणाचं, आपल्यासारखंच. त्यावर विवरंच विवरं. पृथ्वीवर काळ्या पाषाणात उल्केने पाडलेलं, चांगलं टिकलेलं विवर पाहायचं, तर जगभरचे शास्त्रज्ञ डोणगावपासून तासाभराच्या अंतरावर येतात.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या मंडळींनी लोणारच्या तळ्यात भोकं पाडून खालचा खडक नळकांड्यांसारखा बाहेर काढला. १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यावर लेख आला आणि लोणार हे उल्काविवर असल्याचा पुरावा जगापुढे आला. तीस वर्षांनी, २००३ मध्ये, त्याच नळकांड्यांची पुन्हा बारकाईने तपासणी झाली. चेचलेल्या पाषाणाच्या फटींत सॅपोनाइट नावाची चिकणमाती भरलेली होती. ती माती तयार व्हायला लागणारं पाणी १३० ते २०० अंशांचं असावं, असा हिशेब निघाला.

म्हणजे उल्का आदळली त्या दिवशी दोन्ही गोष्टी एकदम घडल्या. आघाताने खडक तापला, आणि आघातानेच त्याला हजारो भेगा पडल्या. भूजल त्या भेगांतून आत गेलं, तापलं, खडकाची माती करत फिरत राहिलं. सव्वापाच ते सहा लाख वर्षांपूर्वी, लोणारच्या त्या पावणेदोन-दोन किलोमीटरच्या वाडग्यात, वाफा निघत असणार. विवर लहान, म्हणून ते लवकर निवालं. भेगांत माती बसली, वाटा बंद झाल्या, वर तळं साचलं आणि खारं झालं.

गोमुखाची धार त्याच्या कडेवरून अजून पडते आहे. हिवाळ्यातल्या सकाळी तिच्याखाली हात धरला, तर तीही डोणगावच्या बोअरइतकीच कोमट लागते.